बोटभर मोकळे केस

मुंबईची गाडी लागली तेव्हा आईनं माझ्या हातात एक डबा दिला. नगरच्या स्टँडवर त्या सकाळी कितीतरी हातांत डबे दिले जात होते, आणि कुणाच्या डब्यात काय आहे ते वासावरूनच कळत होतं. माझ्या डब्याला वास नव्हता. मिल्क पावडरचा जुना डबा, झाकण घट्ट बसावं म्हणून आत कागद लावलेला. हलवला की बारीक वाळू सरकावी तसा आवाज यायचा. त्यात जवस होता. चटणी नव्हे, नुसता कोरडा, तपकिरी, चकचकीत जवस.

अप्पांनी ट्रंक टपावर चढवली, कंडक्टरला दोनदा विचारलं, दोर नीट बांधलाय ना, आणि खाली येऊन माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोचल्याबरोबर कार्ड टाक." आत्या जरा लांब, खांबापाशी उभी होती. पहिल्या गाडीनं ती तिसगावहून आली होती. धूळ आणि सकाळचं ऊन यांतून ती अर्धीच दिसत होती. गाडी सुटायच्या बेतात असताना ती पुढं आली आणि आशीर्वाद द्यावा तसा तिनं हात उचलला, पण तो माझ्या डोक्यावर ठेवला नाही. मानेमागं, जिथं वेणी सुरू होते तिथं, केसांच्या मुळाशी दोन बोटं घालून तिनं काहीतरी शोधलं. तिला काही सापडलं नाही.

"जा," ती म्हणाली.

तुम्ही मैत्रिणी भिंगारला आमच्याच क्वार्टर्सच्या रांगेत राहिलात, आणि तुमच्यातल्या काहीजणी माझ्यासारख्याच ट्रंका घेऊन कुठं कुठं गेल्या. सगळ्याच पत्रांतून मला विचारता, मुंबई कशी आहे. मी दर वेळी 'बरी आहे' एवढंच लिहिते. मला बोलता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण खरं कारण निराळं आहे. मुंबईबद्दल सांगायला लागले की मला आधी केसांबद्दल सांगावं लागतं, आणि केसांबद्दल सांगायचं तर त्या आत्याच्या दोन बोटांबद्दल.

माझे केस तुम्ही पाहिलेत. शाळेत सिस्टर म्हणायच्या, "टाय दॅट बुश, चाइल्ड," आणि मी दोन वेण्यांना दोन-दोन रिबिनी बांधायचे, तरी प्रार्थना संपेपर्यंत कपाळाभोवती एक धुकं जमलेलं असायचं. आईचे केस सरळ, पाण्यासारखे. माझे अप्पांच्या घराण्याचे. अप्पा ते बारीक कापून टोपीखाली ठेवतात म्हणून कळत नाही इतकंच. दर रविवारी आई शिकेकाई उकळायची, माझ्या डोक्यावर अख्खी बादली ओतायची, केस उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग फणी घेऊन बसायची. मुळाशी फणी लावायची आणि खाली ओढायची. सरळ केसांच्या बाईला दुसरी रीत माहीत असायचं कारण नव्हतं. अप्पा पेपर घेऊन बाहेरच्या पायरीवर जाऊन बसत. आत आईचं एकच चालायचं, "मान सरळ, सुमन, मान सरळ ठेव." मान सरळ ठेवून मी डोळे मिटायचे आणि पाणी आलं तर ते शिकेकाईचं आहे असं समजायचे.

आत्याचे केस मी कधीच पाहिले नव्हते. ती अप्पांची धाकटी बहीण. अप्पा नोकरीसाठी भिंगारला आले, ती गावातच, तिसगावला, चार आळ्या पलीकडं दिली गेली. तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळत नसे. त्याखाली जट आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. जट म्हणजे केस एकमेकांत गुंतून झालेला जुडगा. आधी दोरासारखा असतो, वर्षं गेली की लाकडासारखा होतो. आमच्याकडं तो देवीनं दिलेला समजतात. तो कापायचा नाही, विंचरायचाही नाही, आणि जिला आला तिनं मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन पाच घरं जोगवा मागायचा. आत्याला तो चौदाव्या वर्षी आला. त्या साली ती सातवीची फायनल पास झाली होती, गावातल्या मुलींत एकटीच, आणि नगरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं ठरलेलं होतं. देवीची पोर परगावी कशी धाडायची म्हणून ते राहिलं. लग्नही राहिलं. तिशी ओलांडल्यावर एका बिजवराशी झालं, आणि उशिरानं एकच मुलगी झाली, मंदी.

बहात्तरला पाऊस झाला नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात आत्या आणि तिचा नवरा दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. घरी चार वर्षांच्या मंदीला सांभाळायला कुणी नव्हतं. माझं कॉलेज सुटलेलं होतं, नोकरीसाठी केलेल्या अर्जाचं उत्तर यायचं होतं. अप्पांनी मला तिसगावला पोचवलं. मला ते आवडलं. तिथं कुणी मला इंग्रजीत काही बोलून दाखवायला सांगत नव्हतं.

एक दिवसाआड टँकर यायचा, गावच्या विहिरीत पाणी सोडायचा. आमच्या वाट्याला दोन घागरी यायच्या, दोन दिवसांसाठी. त्यात प्यायचं, त्यात भाकरी, त्यातच शेळी. माझ्या केसांना एक बादली लागते हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होते? मी तेल लावलं, घट्ट अंबाडा घातला आणि वर पदर घेतला. गावात ते शोभलंच. "दादाची पोर लई गुनाची," बायका म्हणायच्या. झोपायला अंगणात घोंगडी असायची. दिवस एकासारखा एक जायचा. लिंबाची सावली सकाळी या भिंतीवर, दुपारी त्या भिंतीवर. मंदी तिच्या मागं मागं सरकत झोपायची आणि मीही. त्या तीन महिन्यांत मी किती विचार केला आणि किती स्वप्नं पाहिली हे मला वेगळं काढता येत नाही.

मानेमागं काहीतरी घट्ट होतंय हे मला एक महिना आधीच कळलं होतं. बोटाला लागायचं. आधी सुपारीएवढं, मग त्याला शेपूट फुटलं. मी कुणाला बोलले नाही. मंदीनं ते पाहिलं. माझ्या पाठीवर चढून खेळताना तिनं अंबाडा सोडला आणि ओरडली, "आये, सुमाताईला तुझ्यावानी आलंय!"

आत्या कामावरून नुकतीच आली होती. पापण्यांवर खडीची पांढरी पूड होती. तिनं हातही धुतले नाहीत. माझे केस बाजूला केले, बघितलं. मग आत जाऊन हळद-कुंकवाचा करंडा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बायका बघायला आल्या. एक म्हातारी माझ्या पाया पडली. पाऊस कधी पडंल म्हणून तिनं मला विचारलं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. जिला वर्गात उत्तर येत असूनही हात वर करता आला नव्हता, तिच्याकडं सगळी आळी टक लावून बघत होती, आणि तिला काही करून दाखवायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. मला वाटलं, आत्यालाही पहिल्या दिवशी असंच वाटलं असेल.

त्याच आठवड्यात आई-अप्पा आले. अप्पांच्या खिशात माझं पत्र होतं. टेलिफोन ऑपरेटरच्या ट्रेनिंगसाठी मुंबईला निवड झाली होती, पंधरा दिवसांनी हजर व्हायचं होतं. अप्पांनी पत्र काढलं आणि आत्यानं माझा पदर मागं सारला.

"दादा, हिला आता कुठं धाडू नगा," ती म्हणाली. "देवीनं धरलीया."

अप्पांनी टोपी काढली, परत घातली. पत्राची घडी केली, त्या घडीची आणखी एक घडी केली. तीस वर्षांपूर्वी याच गावात त्यांनी आत्याच्या ट्रेनिंगच्या कागदाची अशीच घडी केली असणार. 

आई माझ्यामागं येऊन बसली. तांदळातले खडे चाचपावेत तशी तिनं ती गाठ चाचपली. मग म्हणाली, "वन्सं, मी कात्री लावणार नाही. सुरी लावणार नाही. दहा दिवस मला नुसत्या हातांनी बघू द्या. देवीची असेल तर माझ्या बोटांना सुटायची नाही. मग सुमन इथंच राहील, तुमच्याबरोबर परडी घेईल. सुटली तर गुंता होता असं समजू."

"आन देवीचा कोप झाला तर, वैनी?"

"देवीला भांडायचं असेल तर ती माझ्याशी भांडेल. पोरीशी कशाला?"

"तुमी नगरच्या," आत्या म्हणाली, "तुमाला समदं सोपं वाटतंय." पण ती नाही म्हणाली नाही.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं कोण जाणे. पत्र अप्पांनी भिंतीतल्या देवळीत ठेवलं होतं, आणि मला बसल्या जागेवरून त्याचा कोपरा दिसायचा.

अप्पा परत गेले, आई राहिली. पहिले तीन दिवस तिनं तेच केलं जे ती आयुष्यभर रविवारी करत आली होती. मुळाशी तेल जिरवायचं, फणी लावायची, खाली ओढायचं. गाठ आणखी आवळली. माझे डोळे सुजले. फणीचे दोन दात गेले. तिसऱ्या दिवशी आत्या कामावर जाताना दारात थांबली, आमच्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आनंद म्हणणार नाही. सुटल्यासारखं वाटतं ना कधी कधी, तसं होतं.

चौथ्या दिवशी ठकूबाई आली. ही धनगराची म्हातारी. बाजाराच्या दिवशी घोंगड्या विकायची, एरवी चालता चालता टकळीवर लोकर कातायची. बाहेर ऊन तापलं म्हणून लिंबाखाली टेकली. आईचं ओढणं तिनं थोडा वेळ पाहिलं.

"वरनं वढतीस व्हय गं बाई?" ती म्हणाली. "आसं वढल्यावर मेंढी तरी हुबी ऱ्हाईल का? ही बरी बसलीया."

"मग कसं करायचं?" आईनं विचारलं. तिनं फणी खाली ठेवली.

"लोकर कोरडी सोडवाया जाशील तर गाठ पडती. आधी वली करायची, बुळबुळीत करायची. आन शेंड्याकडनं धरायची, मुळाकडनं न्हाई. बोटभर सुटली की त्याच्या वरची बोटभर. घाई केली की मेली." आणि टकळी फिरवत पुढं म्हणाली, "तुझी पोर हाय म्हून सांगितलं. मेंढी आसती तर मीच बसले असते."

बुळबुळीत म्हणजे कशानं, हा प्रश्न होता. जवस उकळला की त्याचा असा चिकट रस निघतो, तो चालंल, असं ठकूबाईनं सांगितलं. पण जवस कुठून आणायचा? त्या साली शेतातून काही आलंच नव्हतं. आत्याच्या उतरंडीत, सगळ्यात खालच्या मडक्यात, पुढच्या पेरणीचं बियाणं होतं. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आई त्याबद्दल बोललीही नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तेव्हा आत्या कामावर गेलेली होती. चुलीजवळ एक वाटी होती, पालथी. आईनं ती उचलली. खाली मूठभर जवस होता.

आईनं तांब्याभर पाण्यात तो उकळला. तांब्याभर पाणी म्हणजे काय ते तुम्हाला आता नळाखाली उभं राहून कळायचं नाही. रस घट्ट झाला, गरम असतानाच मलमलच्या फडक्यातून पिळला. मंदीनं बोट बुडवलं, तार काढली आणि जाहीर केलं, "शेंबूड!" दिवसभर ती त्या शब्दावर हसत होती. आई माझ्यामागं बसली. ती गाठीच्या अगदी टोकाला, शेपटाच्या शेवटाला रस लावायची, क्रोशाची सुई घालायची आणि एक एक केस बाहेर काढायची. तिचा हात ओढत नव्हता. तो हात माझ्या ओळखीचाच नव्हता.

त्या दुपारी माझ्याजवळ अजून जशाच्या तशा आहेत. डोळे मिटलेले, मानेवर गार ओल, उन्हाचा एक तुकडा पायांवरून हळूहळू चढत गुडघ्यांपर्यंत यायचा. आई बोलायची, पण माझ्याशी नाही. स्वतःच्या लग्नातलं, पहिल्यांदा मला न्हाऊ घातलं तेव्हाचं. "तेव्हाच मला भीती वाटली होती," एकदा ती म्हणाली, "एवढे केस, आणि मला यातलं काही येत नाही." मध्येच एखाद्या केसापाशी थांबायची. मंदीचा श्वास ऐकू यायचा. अर्धी झोप, अर्धी जाग. त्या झोपेत मला वाटायचं की मी सुटतेय आणि कुठंतरी लांब वाहत चाललेय, आणि वाहण्याला पाणी लागत नाही.

बोटभर सुटायचं. आई ते सुटलेले केस उजव्या खांद्यावरून पुढं सोडायची, मला दिसावेत म्हणून. ते ओले, गोल गोल, एकमेकांपासून वेगळे होते. माझे केस असे असतात हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होते.

दर संध्याकाळी आत्या यायची, हात-पाय झटकायची आणि लांबूनच बघायची. किती सुटलं ते विचारायची नाही. चुलीजवळची वाटी मात्र दर सकाळी पालथी असायची.

नवव्या दिवशी, उन्हं कलली होती, आई म्हणाली, "काहीतरी टोचतंय." शेवटची, मुळाजवळची, लिंबाएवढी गाठ उरली होती. तिनं आणखी रस लावला. आत्या तेवढ्यात आली आणि पहिल्यांदाच आमच्याजवळ येऊन उभी राहिली. आईनं सुई ठेवून दिली, नखांनीच ते शेवटचे केस अलग केले. आणि हात पुढं केला.

तळहातावर एक गोखरू होतं. आपल्याकडं बांधावर असतं ते, बारीक, चहूकडून काट्यांचं. मेंढ्यांच्या अंगाला लागतं, घोंगडीत येतं, आणि घोंगडीतून माझ्या केसांत आलं होतं. तीन महिने मी त्याच्यावर तेल घालत होते.

कुणी हसलं नाही. आईसुद्धा नाही, ते मला फार बरं वाटतं. आत्यानं आईच्या हातातून ते गोखरू उचललं, उन्हाकडं धरलं, उलटसुलट करून पाहिलं. मग पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात बांधलं, आणि शेळी सोडायला निघून गेली. जाताना म्हणाली, "दादाला निरोप धाडा. पोर जाऊ द्या."

असे ते केस घेऊन मी मुंबईला आले. हॉस्टेलच्या खोलीत दोन खाटा आहेत, एक माझी, एक वसईच्या डोरीनची. ती माझ्याच एक्स्चेंजमध्ये आहे, मला एक वर्ष सीनियर. पहिल्या संध्याकाळी मी वेणी सोडली आणि समुद्राच्या दमट हवेत माझे केस जे फुलले ते बघून ती खाटेवर बसलीच. "मॅन," ती म्हणाली, "हे केस नाहीत, ही फुल-टाइम नोकरी आहे."

आमचं काम तुम्हाला सांगते. एका लांब बोर्डासमोर ओळीनं बसायचं, डोक्यावर हेडसेटची पट्टी, हातात फोन जोडायच्या दोऱ्या, आणि म्हणायचं, "नंबर प्लीज." माझा आवाज लोकांना आवडतो. चेहरा दाखवायला लागत नाही, त्यामुळं तो आवाज मलाही आवडतो. पण ती पट्टी केसांवर बसायची नाही. सारखी वर यायची, निसटायची, आणि सुपरवायझर बाई मागून चालताना थांबायच्या. म्हणून डोरीननं इस्त्री काढली. होय, कपड्यांचीच. खाटेवर घोंगडीची घडी, त्यावर माझं डोकं आडवं, केस पसरलेले, वर तपकिरी कागद आणि कागदावरून इस्त्री. भाजल्या पिसासारखा वास यायचा. "डोन्ट ब्रीद," डोरीन म्हणायची, जशी काही मी श्वास घेतला तर सुरकुती पडेल.

आरशात दुसरीच कुणीतरी दिसायची. पट्टी तिच्या डोक्यावर नीट बसायची. रस्त्यात तिच्याकडं कुणी वळून बघत नसे, आणि मला तर तेवढंच हवं होतं. दुपारपर्यंत ती टिकायची. संध्याकाळी समुद्रावरून वारा आला की कपाळाशी एक केस वळायचा, मग दुसरा, आणि हॉस्टेलच्या फाटकापर्यंत मी परत मी व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा इस्त्री. आईचा डबा ट्रंकेत तळाशी होता. मी तो उघडला नव्हता. हॉस्टेलात सकाळी स्टोव्हवर जवस उकळत बसणारी मुलगी कोण म्हणून ओळखली जाईल याची मला लाज वाटत होती. हे लिहिताना अजून थोडी वाटते.

इस्त्री केलेल्या केसांनी मी एक फोटो काढून घेतला आणि घरी पाठवला.

त्यावर आईचं जे पत्र आलं, ते माझ्या उशीखाली आहे. आईची पत्रं तुम्हाला माहीत आहेत. भाव काय, कोण आजारी, गॅस आला की नाही. हेही तसंच सुरू होतं. मग ती लिहिते, वन्सं मंदीला घेऊन चार दिवस राहायला आल्या होत्या. तुझा फोटो पाहिला. म्हणाल्या, "ही कुनाची पोर बसवलीया? आपली धाडा म्हनावं." मी सांगितलं, सुमनच आहे, तिकडं केसांना इस्त्री करतात. तर त्या इतक्या हसल्या की पायरीवर बसल्या. "केसास्नी इस्त्री! आन खळ? खळ पन लावत्यात व्हय?" मंदीही हसायला लागली. डोळे पुसता पुसता वन्सं उठल्या. मग परसात आल्या. पाट घेऊन बसल्या आणि डोक्यावरचा पदर काढला.

त्यांची जट मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पाहिली, आई लिहिते. कमरेखाली येते. मी मागं जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "वैनी, शेंडा तेवढा बघा. कात्री नगं." घरात जवस होता. मी उकळला. दोन दुपारी लागल्या. बोटभर सुटलं. सुटलेले केस अजून काळे आहेत, सुमन, आणि तुझ्यासारखेच गोल. मी ते पुढं आणून त्यांच्या हातात दिले. त्यांनी बोटावर गुंडाळून पाहिले, सोडले, परत गुंडाळले. मी वरचं धरलं तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. आत काय हाय ते नगं बघाया."

पुढं आईनं एवढंच लिहिलंय की जाताना वन्संनी मंदीचं डोकं स्वतः विंचरलं, ओलं करून, शेंड्याकडनं. आणि मंदीला जूनपासून शाळेत घालणार आहेत.

ते पत्र वाचून त्या रविवारी मी डबा उघडला. हॉस्टेलच्या स्टोव्हवर तांब्याभर पाण्यात मूठभर जवस. इथं पाणी हवं तेवढं आहे, तरी मी तांब्याच घेतला. डोरीन वाकून बघून म्हणाली, "यक, हे काय?" मी म्हणाले, "शेंबूड," आणि आम्ही दोघीही हसलो. केस कुरळेच घेऊन मी ड्यूटीवर गेले. पट्टी बसवायला दोन पिना जास्त लागल्या.

तुम्ही विचारता, घरची आठवण येते का. कधी कधी रात्रपाळीत कुणी नगरचा नंबर मागतं, आणि जोडून देताना पलीकडून एखादं "हां, बोला की" ऐकू येतं. नियमाप्रमाणं मी लगेच लाइनीतून बाहेर पडते. पण घर म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आता क्वार्टर येत नाही, तिसगावचं अंगणही येत नाही. आईच्या पत्रातलं भिंगारचं परस येतं. पाटावर डोकं उघडं टाकून आत्या बसलेली असते. ती एवढी जड, जुनी जट तिच्या पाठीवर निश्चल असते, आणि तिच्या अगदी टोकाला, वारा असो नसो, बोटभर मोकळे केस हलत असतात.